चालता येतं, मग स्कूटर कशाला?

पुण्याच्या एक ताई, वय साठीच्या आसपास. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) केमोथेरपी संपून वर्ष होत आलं होतं, रिपोर्ट चांगले होते, पण थकवा पाठ सोडत नव्हता. न्यू जर्सीतल्या मुलीने फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डची तिकिटं काढली आणि म्हणाली, "आई, तिथे तू बॅटरीवाली स्कूटर घे." (म्हणजे फार चालवत नाही त्यांच्यासाठीची, बसून चालवायची छोटी गाडी.) ताईंना ते लागलं. समुपदेशनाच्या सत्रात मला म्हणाल्या, "मला चालता येतं हो. राइडपाशी उठून उभी राहिले की लोक म्हणतील, बघा, सोंग आहे नुसतं!"

हृदयविकार, सांधेदुखी, दमा असलेलेही हेच बोलतात. पण "चालता येतं का?" हा प्रश्नच इथे अपुरा आहे. किती वेळाने बसावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी काय होतं, ते बघायचं. ताईंनी आठवडाभर नोंद ठेवली. वीस मिनिटं सपाट रस्त्यावर चालल्या, काही त्रास नाही. चाळीस मिनिटं चालल्या त्या दिवशीही ठीक होतं, पण दुसरा अख्खा दिवस अंथरुणात गेला. हा उशिरा बसणारा फटकाच माणसाला फसवतो. डिस्ने वर्ल्डमधल्या एपकॉट या पार्कमध्ये तळ्याकाठी अकरा देशांची दालनं आहेत, त्यांची एक फेरीच जवळजवळ दोन किलोमीटरची. पार्किंग, फाटक, रांगा वेगळ्या. त्यात फ्लोरिडाचं दमट ऊन.

लोकांच्या बोलण्याचं म्हणाल तर, तिथे रोज असंख्य लोक स्कूटरवर असतात आणि त्यांतले बरेच उठून चार पावलं चालतात. भाड्याने घेताना डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. कोणी बोललंच तर "फार वेळ उभं राहवत नाही" एवढं पुरे. आजाराचा इतिहास सांगत बसायचं नाही. मात्र स्कूटरमुळे रांग चुकते हा गैरसमज काढून टाकावा. बहुतेक ठिकाणी इतरांच्याच रांगेतून जायचं असतं, फक्त बसून. काही राइड्सना स्कूटर बाहेर ठेवून साध्या व्हीलचेअरवर बसावं लागतं; 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' या राइडच्या नावेत व्हीलचेअर चढते, स्कूटर नाही.

दुसरी भीती चालवण्याची होती. तिचा सराव अमेरिकेत फुकट होतो : मोठ्या सुपरमार्केटच्या दाराशी बॅटरीवर चालणाऱ्या बसायच्या गाड्या ठेवलेल्या असतात. मुलीने ताईंना सकाळी, गर्दी नसताना तिथे न्यायचं ठरलं. बहुतेक स्कूटरना पायाने दाबायचा ब्रेक नसतो. हँडलवरची पट्टी अंगठ्याने दाबली की गाडी चालते, सोडली की आपोआप थांबते. घाबरलं की माणूस मूठ आवळतो, पट्टी आणखी दाबली जाते आणि समोरच्याच्या घोट्याला धडक बसते. म्हणून "घाबरलात की हात उघडा" हे आधीच अंगवळणी पाडायचं. वेगाच्या बटणावर कासव आणि ससा असतो; गर्दीत कासवच. माणसं फोटोसाठी मध्येच थबकतात, तेव्हा पुढे स्कूटरभर तरी जागा सोडावी. मॅजिक किंगडम या तिथल्याच दुसऱ्या पार्कच्या मुख्य रस्त्यात घोड्याच्या ट्रामचे रूळ आहेत, ते काटकोनात ओलांडायचे. तिरकं गेलं की पुढचं चाक खाचेत अडकतं. नातवाला मांडीवर घ्यायचं नाही, नियम एकाच माणसाचा आहे. उतरताना किल्ली काढून घ्यायची, नाहीतर पदर किंवा पर्सचा पट्टा पट्टीवर दाबला जाऊन गाडी एकटीच निघते. गाडी हलतच नसेल तर मागचा 'फ्रीव्हील'चा खटका आधी पाहावा. ढकलण्यासाठी तो कोणी सोडलेला असला की मोटर चाकांपासून सुटते, आणि उतारावर तसल्या गाडीला ब्रेकही लागत नाही.

पार्कच्या फाटकावरच्या स्कूटर आधी राखून ठेवता येत नाहीत, गर्दीच्या दिवशी लवकर संपतात आणि पार्कबाहेर नेता येत नाहीत. त्यामुळे हॉटेलवर स्कूटर पोचवणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून घेणं ताईंना सोयीचं होतं. ती रात्रभर चार्जिंगला लावायची. बसला रॅम्प असतो; चढवायचं धाडस होत नसेल तर वेग कासवावर आणून आधी ड्रायव्हरला तसं सांगावं.

ताईंनी शेवटी अट घातली : रोज सकाळची पहिली वीस मिनिटं पायीच. ती मान्य केली, कारण थोडं चालणं त्यांच्या तब्येतीलाही हवंच होतं. फक्त स्कूटर सोबत चालवत न्यायची जबाबदारी जावयांवर टाकली, आणि दोन पार्कांच्या मध्ये एक दिवस हॉटेलवर मोकळा ठेवायला मुलीला तारखा बदलायला लावल्या.