“मग चूक माझी नाही ना?”

“बाळाची जीभ चिकटलेली आहे म्हणे, जिभेखालचा पडदा कापून घेऊ का?” हा प्रश्न हल्ली इतक्या आया विचारतात, की एकीची गोष्ट सांगतेच. ओळखीचे तपशील अर्थातच बदललेत.

बाळ 16 दिवसांचं, जन्माचं वजन अजून भरून आलेलं नाही. तासन्‌तास छातीशी, पिताना चटचट आवाज, मधेच सुटून रडणं. आईच्या निपलला चिरा. ती आली तीच मोबाइलवर जिभेचा फोटो पुढे करत.

“फोटो राहू दे. आधी पाजून दाखव.” हा माझा जुना हट्ट. जिभेखाली पडदा सगळ्यांनाच असतो. जीभ वर उचलते का, हिरडीच्या पुढे येते का, ते महत्त्वाचं.

ती बाळावर ओणवी होऊन पाजत होती. तिला मागे रेलायला लावलं, बाळाचं पोट तिच्या पोटाला लावलं, तोंड मोठ्ठं उघडेपर्यंत थांबवलं. दुखणं कमी झालं, पण सुटलेलं निपल अजून चपटंच, म्हणजे बाळ ते अजून दाबतच होतं.

“म्हणजे पडद्यामुळेच?”

“असू शकतं.”

“मग चूक माझी नाही ना?”

मी पेन खाली ठेवलं. “तुझी चूक असं कोण म्हणतं?”

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “सगळेच. मीसुद्धा.”

‘पडद्याचा काही त्रास नाही’ हे मी वर्षानुवर्षं खुशखबर म्हणून सांगत आले. ऐकणारीला त्यात ‘म्हणजे तूच कमी पडलीस’ असं ऐकू येत असेल, हे मला त्या दिवशी उमगलं. आता ते वाक्य मी एकटं सोडत नाही.

काही दिवस नव्या पद्धतीने पाजलं, काढलेलं दूध चमच्याने दिलं. निपल चपटंच राहिलं, तेव्हा डॉक्टरांनी पडदा कापला: काही सेकंदांचं काम, थेंबभर रक्त, लगेच छातीशी. घरात रक्त न गोठण्याचा आजार असेल किंवा बाळाला व्हिटॅमिन के दिलेलं नसेल, तर हे आधी सांगायचं. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2017 च्या कॉक्रेन आढाव्यातही आईचं दुखणं थोड्या काळात कमी झालेलं दिसतं. बाळाचं पिणं सुधारतंच असं मात्र नाही. ‘पुढे बोबडं बोलेल’ या भीतीने तर कापूच नये. आणि बाळ सुस्त असेल, लघवी कमी होत असेल, तर पडद्याची चर्चा सोडून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

हिचं दुखणं लवकर थांबलं. वजन हलायला आठवडा गेला, कारण दूध वाढायलाही वेळ लागतो. पुढच्या वेळी मोबाइल पर्समध्येच होता. “थांबा, पाजून दाखवते,” म्हणाली.