जड पाणी : सॉफ्टनर घेण्याआधी काय मोजावे?

उन्हाळ्यात नळाचे पाणी दिवसाआड झाले आणि घरात बोअरचे किंवा टँकरचे पाणी येऊ लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. या अंकासाठी निवडलेली चारही पत्रे जड पाण्याची आहेत. शाळेच्या पुस्तकात ज्याला आपण ‘दुष्फेन पाणी’ म्हणून पाठ केले, तेच हे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेले पाणी, आणि ते मऊ करणारे यंत्र म्हणजे सॉफ्टनर.

प्रश्न : आम्ही पुण्याच्या पूर्वेकडील उपनगरात स्वतःच्या बंगल्यात राहतो. महापालिकेचे पाणी अजून आमच्यापर्यंत आलेले नाही, त्यामुळे सगळा वापर बोअरवर आहे. वर्षभरात गीझरची कॉइल दोनदा बदलावी लागली. जुन्या कॉइलवरून निघालेला पांढरा तुकडा सोबत पाठवत आहे. सॉफ्टनर विकणारे एक गृहस्थ पाण्यात टीडीएस (विरघळलेल्या एकूण क्षारांचे प्रमाण) दाखवणारा मीटर बुडवून गेले. त्यावर १,१०० हा आकडा आला. यंत्र बसवल्यावर तो दोनशेच्या आत येईल, असे त्यांचे म्हणणे आहे. आम्ही पाच माणसे असून सासऱ्यांना रक्तदाब आहे. यंत्र घ्यावे का, आणि केवढे? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपण पाठवलेल्या तुकड्यावर लिंबाचे चार थेंब पिळून पाहिले. तो लगेच फसफसला, म्हणजे त्यात प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेट आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेले असते. पाणी तापले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरलेला कार्बोनेट सर्वांत गरम जागी, म्हणजे कॉइलवरच, चिकटून बसतो. थर वाढत गेला की कॉइलची उष्णता पाण्यात उतरत नाही, ती आतल्या आत तापत राहते आणि शेवटी जळते. त्यामुळे दर वेळी कॉइल बदलून आपण दुखणे तसेच ठेवून फक्त पट्टी बदलत आहात. सॉफ्टनरचा आपल्याला उपयोग होईल, याविषयी मला शंका नाही.

मात्र त्या गृहस्थांनी आपल्याला जे सांगितले ते चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे कळले तर हे यंत्र कसे चालते तेही कळेल. सॉफ्टनरच्या उभ्या नळकांड्यात गुळाच्या रंगाचे, राजगिऱ्याएवढे रेझिनचे दाणे भरलेले असतात. या दाण्यांवर सोडियम धरून ठेवलेला असतो. जड पाणी त्यांमधून वाहू लागले की दाणे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडतात आणि त्याच्या बदल्यात सोडियम पाण्यात सोडतात. हा सरळ अदलाबदलीचा व्यवहार आहे. पाण्यातून क्षार कमी होत नाहीत, त्यांची जात बदलते. त्यामुळे ज्या पाण्याचा टीडीएस आत जाताना १,१०० आहे त्याचा बाहेर येतानाही जवळपास तेवढाच, किंबहुना किंचित जास्त असतो. टीडीएस खाली आणण्याचे काम आरओचे, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी गाळणाऱ्या यंत्राचे आहे. सॉफ्टनरनंतर ज्याच्या मीटरवर दोनशे दिसतात, त्याच्या मीटरकडे तरी पाहावे किंवा त्याच्याकडे तरी.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. रेझिन येण्याआधी सॉफ्टनरमध्ये झिओलाइट नावाचे खनिज भरत असत, आणि तेही हीच अदलाबदल करत असे. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत हेच झिओलाइट मुबलक सापडते. पुणे, नाशिक आणि जळगाव भागांतील खाणींतून निघालेले त्याचे सुंदर स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. १९३५ साली ॲडम्स आणि होम्स या दोन इंग्रज रसायनतज्ज्ञांनी कृत्रिम रेझिन तयार केले आणि पुढे झिओलाइट मागे पडले.

आता आकाराविषयी. टीडीएसवरून आकार ठरत नाही, कठीणपणावरून, म्हणजे फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या प्रमाणावरून ठरतो, आणि कठीणपणा त्या मीटरवर दिसत नाही. त्यासाठी थेंबांची चाचणी असते: पाण्याच्या नमुन्यात रंगद्रव्य टाकले की तो वाइनसारखा लालसर होतो, मग द्रावणाचे थेंब मोजत सोडायचे आणि ज्या थेंबाला रंग निळा होईल तिथे थांबायचे. याचा संच बाजारात मिळतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतही पाणी तपासून घेता येते. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा स्वीकारार्ह मानला आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो.

उदाहरणासाठी आपल्या पाण्याचा कठीणपणा ५५० धरू. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम कठीणपणा पकडते, म्हणून २५ लिटर रेझिनचे यंत्र १,२५० ग्रॅम पकडेल. ५५० मिलिग्रॅमच्या हिशेबाने ते सुमारे २,२७० लिटर पाणी मऊ करून थकेल. माणशी १३५ लिटर धरले तर आपल्या घरात रोज ६७५ लिटर पाणी लागेल, म्हणजे दर सव्वातीन दिवसांनी यंत्राला मीठ द्यावे लागेल, मिठाच्या पाण्याने दाण्यांवर पुन्हा सोडियम भरावा लागेल. एका वेळेला रेझिनच्या लिटरमागे १५० ग्रॅम या प्रमाणे पावणेचार किलो मीठ लागते, तेव्हा महिन्याला जवळपास ३४ किलो. हा आकडा ऐकल्यावर अनेक जण यंत्राचा विचार सोडून देतात. पण संडासाच्या फ्लशला मऊ पाण्याची काय गरज? पाच माणसांचे रोजचे सव्वादोनशे लिटर पाणी त्यात जाते. तेवढे वगळून न्हाणीघर, गीझर, वॉशिंग मशीन आणि भांड्यांचा नळ एवढ्यांनाच सॉफ्टनरचे पाणी दिले, तर वापर ४५० लिटरवर येतो, मीठ पाच दिवसांतून एकदा लागते आणि महिन्याचा हिशेब साडेबावीस किलोवर थांबतो. प्लंबरला आधीच सांगून दोन वेगळ्या लाइन काढून घ्याव्यात. भिंती फोडून नंतर हे काम करणे फार महाग पडते.

सासऱ्यांसाठी स्वयंपाकघरातला पिण्याचा नळ सॉफ्टनरला जोडू नये. ५५० कठीणपणा पूर्ण काढला की लिटरमागे सुमारे २५० मिलिग्रॅम सोडियम वाढतो. दिवसाला तीन लिटर असे पाणी पोटात गेले तर साधारण ७६० मिलिग्रॅम सोडियम फक्त पाण्यातून जाईल, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसभराची मर्यादा २,००० मिलिग्रॅमच्या आत सांगितली आहे. घरात आरओ असेल तर मात्र गोष्ट वेगळी: सॉफ्टनरनंतर आरओ जोडल्यास त्याच्या पडद्यावर थर बसत नाही आणि वाढलेला सोडियमही बराचसा तिथेच अडतो. तरीही रक्तदाबाच्या रुग्णासाठी एकदा डॉक्टरांना विचारून घ्यावे.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी सॉफ्टनर बसवला. पहिले काही दिवस साबणाला भरपूर फेस येत होता, मग कमी होत गेला आणि आता पूर्वीसारखाच चोथा होतो. विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणे आठवड्यातून एकदा व्हॉल्व्ह फिरवून मीठ देतो. मिठाच्या टाकीत अजून भरपूर मीठ शिल्लक आहे. विक्रेता फोन उचलत नाही. — एक वाचक, सोलापूर

उत्तर : ‘मिठाच्या टाकीत अजून भरपूर मीठ शिल्लक आहे’ या आपल्या वाक्यातच दोष लपलेला आहे. चार महिन्यांत मीठ संपत नसेल तर ते रेझिनपर्यंत पोहोचतच नाही.

यंत्राच्या डोक्यावरच्या व्हॉल्व्हमध्ये एक बारीक तोंडाची नळी असते. पाणी जोरात तिच्यातून गेले की ओढ निर्माण होते आणि मिठाचे पाणी टाकीतून वर खेचले जाते. ही ओढ लागण्यासाठी यंत्राच्या बनावटीप्रमाणे साधारण दीड ते दोन बार दाब हवा असतो. गच्चीवरच्या टाकीचे पाणी दहा मीटर खाली आले तर त्याला एक बार दाब मिळतो. आपले यंत्र तळमजल्यावर असेल आणि टाकी सहा मीटर उंच असेल, तर दाब जेमतेम अर्ध्या बारच्या वर आहे. एवढ्यात ओढ लागत नाही. व्हॉल्व्ह फिरतो, पाणी गटारात जाते, आपण मीठ दिल्याचे समाधान मानतो आणि दाणे तसेच कॅल्शियमने भरलेले राहतात. बसवणाऱ्याने सुरुवातीला लहान पंप सुचवायला हवा होता.

खात्री करणे सोपे आहे. मिठाच्या टाकीच्या आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीवर पेनाने रेघ ओढावी, व्हॉल्व्ह मीठ ओढण्याच्या खुणेवर आणावा आणि दहा मिनिटांनी पाहावे. पातळी उतरली नसेल तर दाब कमी आहे, नळी मिठाच्या चिखलाने तुंबली आहे किंवा सांध्यातून हवा आत येते आहे. काठीने मिठात ढोसूनही पाहावे, कारण दमट हवेत जाड्या मिठाचा वर कडक पापुद्रा बनतो, खाली पोकळी राहते आणि वरून मात्र टाकी भरलेली दिसते. ओढ सुरू झाल्यानंतर एकाच वेळेला पाठोपाठ दोनदा मीठ द्यावे आणि मग नेहमीप्रमाणे भरपूर धुऊन घ्यावे. चार महिने उपाशी असलेले रेझिन एका वेळेत सावरेल अशी अपेक्षा करू नये. मीठ माती-खड्यांचे नको, धुतलेले जाडे मीठ घ्यावे, आणि यंत्र धुताना निघणारे खारे पाणी (बॅकवॉश) बागेकडे जाऊ देऊ नये. त्यातील मीठ मातीत साठले की तुळससुद्धा तग धरत नाही.

प्रश्न : बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ कुकरच्या सहा शिट्ट्या होऊनही दाणेदार राहते. त्यासाठी सॉफ्टनर घ्यावा का? — एक वाचक, लातूर

उत्तर : एका डाळीसाठी घेऊ नये. डाळीच्या पेशींना एकत्र बांधून ठेवणारे पेक्टिन असते, पाण्यातील कॅल्शियम त्याला आणखी घट्ट करते आणि दाणा फुटत नाही. डाळ भिजवायला आणि शिजवायला आरओचे, किंवा जमल्यास साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. पावसाच्या पाण्यात कठीणपणा जवळजवळ नसतो. चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याची जुनी पद्धत खरोखर काम करते, मात्र त्याने डाळीतील ब१ जीवनसत्त्व काही प्रमाणात नष्ट होते, म्हणून ती रोजची सवय करू नये.

प्रश्न : आम्ही भाड्याच्या घरात राहतो, त्यामुळे मोठे यंत्र बसवता येत नाही. नळावर बसवायचे चुंबक मिळतात, त्यांचा उपयोग होतो का? गीझरमधला थर घरच्या घरी काढता येतो का? जड पाण्याने केस गळतात आणि मूतखडा होतो असेही ऐकतो. — एक वाचक, नाशिक

उत्तर : चुंबक पाण्यातील कॅल्शियम काढून टाकत नाहीत, म्हणून त्यांना सॉफ्टनर म्हणता येणार नाही; पैसे खर्च करण्याआधी आणि केल्यानंतर त्याच थेंबांच्या चाचणीने पाहा, आकडा तोच येईल. जड पाणी प्यायल्याने मूतखडा होतो असे सिद्ध झालेले नाही. पाणी कमी पिणे हे त्याचे जास्त खरे कारण आहे. केसांचे म्हणाल तर साबणातील मेदाम्ले आणि कॅल्शियम मिळून न विरघळणारा चिकट साका तयार होतो, तो केसांवर बसतो, केस राठ होतात आणि विंचरताना तुटतात. मुळापासून गळणारे केस हा त्वचारोगतज्ज्ञांचा विषय. साबणाऐवजी शाम्पू वापरला आणि शेवटचा एक तांब्या आरओच्या किंवा पावसाच्या पाण्याचा घेतला, तर भाड्याच्या घरातही बराच फरक पडतो.

गीझरबाबत पहिला उपाय फुकटचा आहे: तापमानाची कळ ५० ते ५५ अंशांवर आणा. साठ अंशांच्या वर थर झपाट्याने बसतो. थर काढायचा असेल तर वीज बंद करून, गीझर रिकामा करून, जाणकाराकडून कॉइलचा भाग उघडून घ्यावा आणि कॉइल लिंबूसताच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवावी. फसफस थांबली की थर सुटलेला असतो. सुरीने खरवडू नये. संडासासाठी आणलेले तीव्र ॲसिड गीझरमध्ये कधीही घालू नये, ते थरासोबत टाकीचेही अस्तर खाते. टाकी उघडलेलीच आहे तर तिच्यातील मॅग्नेशियमचा ॲनोड रॉडही पाहून घ्यावा. टाकीऐवजी स्वतः झिजण्यासाठीच तो बसवलेला असतो, आणि पुढे कधी सॉफ्टनर आला तर तो आणखी लवकर झिजेल. बोटाएवढा रॉड झिजून पेन्सिलीच्या शिशाएवढा उरला असेल, तर घरमालकाची वाट न पाहता तो बदलून घ्यावा.