सांडपाणी पिण्यालायक होतं का?

प्रश्न : २०१९ च्या जुलैत नागपुरात नळ एक दिवसाआड आले, तेव्हा घरभर ड्रम भरून ठेवावे लागले. मुलगा म्हणतो, पुढे गटाराचंच पाणी शुद्ध करून प्यावं लागेल. सासूबाई म्हणतात, असलं पाणी देवालाही चालायचं नाही. ते खरंच पिण्यालायक होतं का?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : होतं, ताई. माझी सगळी नोकरी पाण्याचे नमुने तपासण्यात गेली, आणि असं पाणी मी स्वतः पिईन. नीट बांधलेल्या आणि नीट चालवलेल्या प्रकल्पाचं, एवढी अट.

नामिबियाची राजधानी विंडहोक १९६८ पासून हे पाणी पिते. तिथला २००२ चा प्रकल्प रोज २ कोटी १० लाख लिटर पाणी देऊ शकतो. ओझोन, सक्रिय कोळसा, अतिसूक्ष्म गाळणी आणि शेवटी क्लोरीन, एवढं झाल्यावर ते इतर पाण्यात मिसळून नळाला सोडतात. सिंगापूरनं २००३ पासून दुसरी वाट धरली. आधी बारीक पडद्यांतून गाळायचं, मग आरओ, मग अतिनील किरण. आरओच्या पडद्यातून जिवाणू-विषाणू पार होत नाहीत, बहुतेक क्षार आणि औषधांचे अंशही अडतात. तरी एनडीएमए या रसायनासारखे काही अगदी छोटे रेणू निसटतात, आणि ते अतिनील किरणांनी तुटतात. आधीचा टप्पा फसला असेल असं धरूनच पुढचा बांधलेला असतो. मला या पद्धतीवर भरवसा वाटतो तो याचमुळे. आरओचं पाणी फार मऊ असतं, म्हणून पिण्यासाठी त्यात थोडे क्षार परत घालावे लागतात.

मुलाला मात्र बजावून सांगा, हे काम घरच्या आरओचं नाही. ते यंत्र नळाच्या पाण्यासाठी आहे.

सासूबाईंची किळस मी हसण्यावारी नेणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या तूवूम्बा शहरानं २००६ मध्ये मतदान घेऊन असा प्रकल्प नाकारला, तेव्हा तिथेही दुष्काळच होता. पण त्यांना एवढं जरूर सांगा : आपली नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि पुढे गोसीखुर्दचा जलाशय. आपलं सांडपाणी खालच्या गावांच्या पाण्यात आजही जातं, आणि सगळंच काही शुद्ध होऊन जात नाही. याची मला खरी लाज वाटते.

आता नागपूरचं. भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातं. तेवढं पेंच नदीचं चांगलं पाणी वाचतं. माझ्या मते आधी हेच वाढवावं : कारखाने, बांधकामं, बागा. पेंचवरच्या तोतलाडोह धरणाची पातळी खाली गेली की डोळे पांढरे होतात, आणि इकडे बागांना पिण्याचं पाणी! पिण्यासाठीचा प्रकल्प त्यानंतर, पण तयारी आजपासून हवी.

तयारी म्हणजे काय, तर गटारात काय जातं यावर पहारा. विंडहोकनं कारखान्यांचं सांडपाणी घरगुती पाण्यापासून वेगळं ठेवलं, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यांत शहाणपणाचं काम तेच. आपल्याकडे धातूला मुलामा देणारं एखादं छोटं युनिट रात्री नाल्यात क्रोमियम सोडून देतं. ते पकडायला माणूस नसेल तर कितीही महागडी यंत्रं आणा, मी त्या पाण्याची हमी देणार नाही. त्यातून आरओनं अडवलेलं सगळं उरलेल्या खारट पाण्यात गोळा होतं. आपल्याजवळ समुद्र नाही, त्यामुळे ते कुठे टाकायचं याचं उत्तर प्रकल्प बांधण्याआधी द्यावं लागेल.

तुमच्या वॉर्डात कधी अशा प्रकल्पाची सभा झाली तर दोन गोष्टी विचारा : कारखान्यांचं पाणी वेगळं केलंय का, आणि रोजच्या तपासणीचे आकडे आम्हाला कुठे बघायला मिळतील? सासूबाईंनाही सोबत न्या. त्यांचा प्रश्न अधिकाऱ्यांनी ऐकायलाच हवा.