बाणाचे पंख सारखे सुटतात, तेव्हा गोंद बदलण्याआधी काय पाहावे?

तुमचा प्रश्न असा आहे की, मुलीच्या कार्बन बाणांवरचे प्लास्टिकचे पंख, म्हणजे व्हेन, तुम्ही दुकानात मिळणाऱ्या झटपट गोंदाने लावता, ते आठवड्याभरात सुटतात, तेव्हा बाहेरून महाग गोंद मागवावा का आणि शाफ्टवर, म्हणजे बाणाच्या दांडीवर, आधी काही करावे लागते का. मीही सोलापुरातच राहते आणि घरातल्या दोन मुलांचे व त्यांच्या मैदानावरच्या सोबत्यांचे बाण बरीच वर्षे दुरुस्त करत आले आहे. गोंद मागवण्याआधी सुटलेला एक पंख आणि तो ज्या शाफ्टवरून सुटला तो शाफ्ट, दोन्ही उजेडात धरून नीट पाहा.

वाळलेल्या गोंदाचा थर कुठे राहिला आहे, त्यावरून दोष कुठला ते कळते. थर शाफ्टवर शाबूत असेल आणि पंखाचा तळ कोरा निघाला असेल, तर पंखाच्या तळाशी गोंद बसलेलाच नाही. थर पंखाबरोबर सालीसारखा निघून आला असेल आणि खाली शाफ्ट चकचकीत दिसत असेल, तर शाफ्ट स्वच्छ नव्हता. थर मधोमध फाटून दोन्हीकडे राहिला असेल, तरच गोंद जुना होता, जास्त लागला होता किंवा तो धरत असताना पंख हलला होता असे समजावे. माझ्याकडे येणाऱ्या बाणांत दुसरा प्रकार सर्वांत जास्त दिसतो, आणि तो कितीही महाग गोंदाने सुधारत नाही.

शाफ्ट पुसायला काय वापरता, हे तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून माझी स्वतःची चूक सांगते. करोनानंतर घरात सॅनिटायझरच्या बाटल्या उरल्या होत्या. त्यातही अल्कोहोलच असते, अशा समजुतीने मी एका डझन बाणांचे शाफ्ट त्यानेच पुसले आणि पहिल्याच सरावात निम्मे पंख गवतावर गोळा केले. हात कोरडे पडू नयेत म्हणून सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन घातलेले असते. अल्कोहोल उडून जाते आणि ग्लिसरीनचा न दिसणारा थर शाफ्टवर राहतो. काही सर्जिकल स्पिरिटमध्ये एरंडेल तेल असते आणि नेलपॉलिश काढण्याच्या द्रवातही बहुधा तेल व सुगंध मिसळलेले असतात, म्हणून तेही नकोत. रंगाच्या दुकानातला थिनर हे अनेक द्रावकांचे मिश्रण असते. त्याच्या वाटेला जाऊ नका. हवे ते शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि ते शोधायला लांब जावे लागत नाही. मोबाइल दुरुस्त करणारे सर्किट पुसायला तेच वापरतात आणि त्यांच्याकडे ‘आयपीए’ म्हणून विचारले की कुठे मिळेल ते सांगतात.

पुसण्याच्या फडक्याचीही एक गोष्ट आहे. माझ्या माहेरी माग होता, त्यामुळे मला हे लवकर लक्षात आले असावे: विणण्याआधी ताण्याला खळ दिलेली असते आणि कोऱ्या सुती कापडात ती बऱ्याच वेळा तशीच असते. अशा कापडाने शाफ्ट पुसला तर ती खळच शाफ्टवर फासली जाते. अनेकदा धुतलेल्या जुन्या धोतराचा किंवा बनियनचा तुकडा घ्यावा, पण धुताना त्याला कपडे मऊ करणारा द्रव लावलेला नसावा.

आता कार्बनचा शाफ्ट. कामाला हात घालण्याआधी प्रत्येक शाफ्ट दोन्ही टोकांना धरून, चेहऱ्यापासून लांब ठेवून, किंचित वाकवावा, थोडा फिरवून पुन्हा वाकवावा आणि कान देऊन ऐकावे. बारीक करकर आली, चीर दिसली किंवा हाताला खरखर लागली, तर तो बाण मोडून फेकून द्यावा. तडा गेलेला कार्बन बाण सुटताना फुटून त्याच्या कपच्या हातात घुसू शकतात, तेव्हा त्यावर पंख लावत बसण्यात अर्थ नाही. जुना गोंद बोथट सुरीने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने, शाफ्टच्या लांबीच्या दिशेने खरवडून काढावा. धारदार ब्लेड तिरपे लागले की कार्बनचे तंतू कापले जातात. मेणबत्ती किंवा हॉट एअर गनने गोंद मऊ करायचा मोह होतो, पण कार्बनचे तंतू ज्या रेझिनने बांधलेले असतात ते उष्णतेने बिघडते. अ‍ॅसिटोन वापरायचेच असेल, तर ओल्या फडक्याचा एक झटपट हात फिरवावा, शाफ्ट त्यात बुडवून ठेवू नये, आणि आधी नॉक, म्हणजे दोरीत अडकणारी मागच्या टोकाची खाच, काढून घ्यावा, कारण पॉलिकार्बोनेटच्या नॉकला अ‍ॅसिटोन लागले की त्यावर बारीक तडे जातात.

शाफ्ट फारच गुळगुळीत असेल, तर पंख बसणार तेवढ्याच भागावर भांड्यांची हिरवी घासणी किंवा 600 नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून हलकेच फिरवावा. चकाकी जाऊन मंदपणा आला की थांबावे, तंतू उघडे पडता कामा नयेत. हे काम कोरडे करू नका. कार्बनची धूळ फुप्फुसाला आणि त्वचेला त्रास देते. मग अल्कोहोलने पुसावे, फडक्याची घडी बदलावी, पुन्हा पुसावे, आणि फडके काळे व्हायचे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे. शेवटी पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. तो पसरला तर शाफ्ट तयार आहे, मोत्यासारखा गोल राहिला तर तेलकटपणा अजून आहे. बोअरचे जड पाणी वाळल्यावर क्षारांचा पांढरा डाग सोडते, म्हणून या चाचणीला मी गॅरेजमध्ये मिळणारे बॅटरीचे पाणी वापरते. त्यानंतर पंख बसणार त्या भागाला बोटही लावायचे नाही.

पंखाच्या तळाकडे मात्र बहुतेक जण पाहतच नाहीत. साच्यातून सुटावा म्हणून वापरलेल्या पदार्थाचा अंश त्यावर असू शकतो, तेव्हा तोही अल्कोहोलने एकदा पुसावा. काही कंपन्यांचे पंख तळाला आधीच प्रक्रिया करून येतात आणि ते पुसू नका असे पाकिटावरच लिहिलेले असते. तसे असेल तर कंपनीचे ऐकावे.

इतके झाल्यावर गोंदाचा प्रश्न बराच सोपा होतो. कार्बनवर प्लास्टिकचे पंख लावायला सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे तुम्ही वापरता तोच झटपट गोंदाचा प्रकार, योग्य आहे. धनुर्विद्येसाठी विकला जाणारा गोंद थोडा दाट आणि कमी ठिसूळ असतो, म्हणून परवडला तर घ्यावा, पण तुमचा दोष त्याने झाकला जाणार नाही. हा गोंद द्रावक उडून वाळत नाही. हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ओलाव्याने तो धरतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या वर जातो आणि दुपारची हवा अगदी कोरडी असते, तेव्हा तो धरायला वेळ लावतो, आणि आपण पंख दाबून धरणारा क्लॅम्प घाईने काढतो. त्या दिवसांत मी हे काम कूलर चालू असलेल्या खोलीत, पण त्याच्या झोतापासून दूर बसून करते आणि प्रत्येक पंख नेहमीच्या दुप्पट वेळ दाबून धरते. पावसाळ्यात उलटे होते: गोंद पटकन धरतो आणि कडेला पांढरी भुकटी येते. ती दिसायला वाईट, पण घाबरण्यासारखी नाही. खरे म्हणाल तर गड्ड्याच्या यात्रेचे, म्हणजे जानेवारीतले, दिवस या कामाला उत्तम.

गोंद कमी लावावा. तळाच्या मधून एकच बारीक रेघ पुरते. कडेने ओघळ आला की तो जाड थर सावकाश धरतो आणि ठिसूळ राहतो. न उघडलेली नळी फ्रिजमध्ये टिकते, पण बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर आत दव धरून गोंद नळीतच घट्ट होतो.

गोंदाचा दुसरा प्रकार म्हणजे द्रावकावर आधारलेला, पंख लावायचा फ्लेचिंग सिमेंट. तो लवचीक राहतो, पंख सरळ करायला सवड देतो आणि अ‍ॅल्युमिनियम व लाकडावर फार चांगला बसतो. कार्बनवर वापरण्याआधी तो त्यासाठी आहे का, हे नळीवर वाचून घ्यावे. जिगमध्ये, म्हणजे पंख जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्यात, त्याला दहा-पंधरा मिनिटे आणि बाण सोडण्याआधी पूर्ण एक दिवस द्यावा. उन्हाळ्यात पंखा चालू असताना तो लावू नये, कारण पंख टेकवण्याआधीच त्यावर साय धरते. शाफ्टवर व्हिनाइलचा रॅप, म्हणजे चिकटवलेले वेष्टन, असेल तर आधी एका तुकड्यावर करून पाहावे, काही रॅप त्याने सुरकुततात. अ‍ॅल्युमिनियम शाफ्टचे वेगळे एवढेच की तो भांडी घासायच्या साध्या पावडरीने घासून, पाणी न तुटता सलग पसरेपर्यंत धुवावा, वाळवावा आणि त्याच दिवशी पंख लावावेत.

तुमच्या मुलीचे बाण कार्बनचे आहेत, तरी इंडियन राउंड, म्हणजे बांबूच्या धनुष्यबाणांचा प्रकार, खेळणारी मुले हे उत्तर वाचतील म्हणून बांबूविषयीही लिहिते. यात्रेत मिरवणारे बांबूचे नंदीध्वज पाहत वाढलेल्या सोलापूरकराला बांबूचे कौतुक सांगायला नको, परंतु त्याची बाहेरची गुळगुळीत, मेणचट साल गोंदाला अजिबात थारा देत नाही. पीस बसणार तिथे ती काचेच्या तुकड्याने अलगद खरवडावी. जवसाचे तेल पाजलेल्या काडीवर काहीच टिकत नाही, म्हणून तेलाऐवजी चपडीचे किंवा वार्निशचे पातळ पॉलिश द्यावे, ते पूर्ण वाळू द्यावे आणि गोंद त्या पॉलिशला विरघळवत नाही ना, हे एका काडीवर तपासावे. एका बाणावर पक्ष्याच्या डाव्या आणि उजव्या पंखाची पिसे मिसळू नयेत. पिसाच्या दांड्याचे पुढचे टोक दोऱ्याने आवळून बांधावे आणि दोऱ्यावर गोंदाचा थेंब द्यावा. नाहीतर ते टोक उचलले जाते आणि हातावरून बाण सोडणाऱ्याला सुईसारखे टोचते. पूर्वी सरस वापरत, पण पाऊस लागला की सरस सुटतो.

पंख लावताना नॉकपासून साधारण 25 मिलिमीटर जागा सोडावी, म्हणजे बोटे अडत नाहीत, आणि तिन्ही पंख 120 अंशांवर येतील असा जिग वापरावा. सर्व वाळल्यावर प्रत्येक पंखाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला गोंदाचा एकेक टिपका द्यावा, कारण निशाणात शिरताना पुढचे टोकच आधी उचलले जाते. स्पर्धेसाठी शाफ्टवर नाव लिहावे लागते, ते पंखांच्या पुढे आणि सगळे काम झाल्यावर लिहावे. मार्करच्या शाईवर गोंद बसत नाही. आणि मुलीचे बाण दुपारी गाडीच्या डिकीत ठेवू नका. तिथल्या उष्णतेने पंख वाकडे होतात आणि गरम करून बसवलेली टोकेही सैल होतात.

आता एकच बाण वर सांगितल्याप्रमाणे करून पाहा, दुसऱ्या दिवशी पंख बोटाने जोर लावून सोलून पाहा, आणि तो फाटेल पण निघणार नाही अशी अवस्था आली की मगच बाकीचे अकरा हातात घ्या.