इझाबेल ह्यूपर्ट या फ्रेंच अभिनेत्रीला एवढं का मानतात? मला तर ती मख्ख वाटली

तुम्ही लिहिलंय की पुरस्कारांची यादी वाचून 'द पियानो टीचर' पाहिला, दोन तासांत बाईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, तर आता हिचं आणखी काही बघावं की सोडून द्यावं. सोडू नका. मलाही पहिल्यांदा अगदी हेच वाटलं होतं. मी तर तो सिनेमा घरात, आई शेजारी मेथी निवडत बसलेली असताना लावला होता. अर्ध्या तासाच्या आत लॅपटॉप मिटावा लागला आणि "कसला गं सिनेमा होता?" याचं उत्तर आजतागायत दिलेलं नाही.

आधी नावाचं बघू. फ्रेंच लोक सुरुवातीचा 'ह' गिळतात, शेवटचा 'ट' पण गिळतात, त्यामुळे ते होतं इझाबेल यूपेर. पुढे मी तसंच लिहिते.

आपल्याकडे नट म्हटलं की चेहरा आठवतो. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत भाव पोचला पाहिजे ही नाटकाची शिकवण आपल्या डोळ्यांतही मुरलेली आहे. यूपेरकडे तसं बघत बसलात तर हाती काही लागत नाही. तिचे हात बघा. तिच्या बहुतेक मोठ्या भूमिकांमध्ये ती काहीतरी काम करत असते: विणते, झाडते, उकळते, पत्रं उघडते. चेहरा गप्प आणि हात चालू. त्या बाईच्या मनात काय चाललंय ते हातांच्या वेगावरून कळतं, आणि ते कळेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

सुरुवात करायचीच तर १९७७ च्या 'द लेसमेकर'पासून करा. स्विस दिग्दर्शक क्लोद गोरेताचा सिनेमा. यूपेरचा जन्म १९५३ चा, म्हणजे तेव्हा जेमतेम चोविशीची. पॉम नावाची पार्लरमध्ये काम करणारी मुलगी. पॉम म्हणजे सफरचंद. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सुट्टीला जाते, तिथे साहित्य शिकणारा एक तरुण भेटतो. एका प्रसंगात तो तिला डोळे मिटायला लावतो आणि नुसत्या आवाजाने वाट सांगत कड्याच्या टोकापर्यंत नेतो. ती डोळे उघडत नाही. बस, एवढंच. मोठे संवाद नाहीत, संगीताचा कल्लोळ नाही, पण हा मुलगा हिचं काय करणार आहे ते आपल्याला तिथेच कळून चुकतं. पुढे तो तिला आपल्या शिकलेल्या मित्रांच्या लायकीचं बनवायला निघतो आणि मग कंटाळतो. शेवटी ती मनोरुग्णालयात विणत बसलेली दिसते आणि मान वळवून सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे, बघते. मी ती चौकट किती वेळा थांबवून पाहिली आहे! तक्रार आहे का त्या नजरेत? नाही. ओळख आहे का? तेही सांगता येत नाही.

अशी भूमिका गाजली की पुढची दहा वर्षं बिचारीच्याच भूमिका येतात, हे जगभर सारखंच. हिने पुढच्याच वर्षी काय केलं, तर 'व्हायोलेत नोझिएर'मध्ये आईवडिलांना विष घालणारी मुलगी रंगवली. १९३३ मधली पॅरिसमधली खरी घटना. वडील मेले, आई वाचली. या कामासाठी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, जिल क्लेबर्गबरोबर विभागून. दिग्दर्शक क्लोद शाब्रोल. या दोघांनी हा धरून एकूण सात सिनेमे केले आणि माझ्या मते तिची खरी ओळख त्या सातांत आहे, 'द पियानो टीचर'चा दिग्दर्शक हानेक याच्या सिनेमांत नाही. (यावर माझ्याशी भांडणारे बरेच भेटतात.)

मधल्या हॉलिवूडच्या वारीबद्दल थोडक्यात: दिग्दर्शक मायकेल चिमिनोने स्टुडिओचा विरोध मोडून तिला 'हेवन्स गेट'मध्ये घेतलं, १९८० मध्ये तो सिनेमा असा काही आपटला की युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीच विकायची वेळ आली. तिचं मात्र काही अडलं नाही. त्याच वर्षी तिचे गोदार आणि पियाला या दोन नावाजलेल्या दिग्दर्शकांचेही सिनेमे आलेले होते.

शाब्रोलकडे परत येते. १९८८ च्या 'स्टोरी ऑफ विमेन'मध्ये जर्मनांच्या ताब्यातला फ्रान्स आहे. नवरा युद्धकैदी, घरात दोन पोरं, खायला नाही. शेजारणीला नको असलेल्या गरोदरपणातून सोडवण्यासाठी ही बाई साबणाचं पाणी आणि रबराची नळी वापरते आणि बघता बघता तो धंदा होतो. मूळची बाई खरी होती, मारी-लुईज जिरो. १९४३ मध्ये तिला गिलोटिनवर चढवलं. असली गोष्ट आपल्याकडे कुणी केली असती तर बाईला एक तर देवी केलं असतं नाही तर डाकीण. यूपेर दोन्ही करत नाही. पैसे येऊ लागल्यावर तिची चाल बदलते, मुरंबा येतो, चांगले कपडे येतात, गायिका व्हायची स्वप्नं पडतात. ती हावरी आहे, उत्साही आहे, परत आलेल्या नवऱ्याशी दुष्टपणे वागते, आणि तरीही तिला मृत्युदंड देणाऱ्या पुरुषांकडे बघून आपल्या अंगाचा तिळपापड होतो. तिने आपली सहानुभूती एकदाही मागितलेली नसते. व्हेनिस चित्रपट महोत्सवाने त्या वर्षी तिला गौरवलं ते याचसाठी असावं.

मग 'ला सेरेमोनी', १९९५. माझा सगळ्यात आवडता. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातलं गाव, श्रीमंत कुटुंब, अक्षरओळख नसल्याचं लपवणारी मोलकरीण (सांद्रीन बोनेर) आणि गावच्या पोस्टात बसणारी आगाऊ बाई म्हणजे यूपेर. इथे ती मख्ख अजिबात नाही! दोन वेण्या, सतत बडबड, लोकांची पत्रं फोडून वाचायची खोड. एका संध्याकाळी दोघी एकमेकींना आपापल्या भूतकाळातले मृत्यू सांगतात, एकीचा बाप, दुसरीची लहानगी मुलगी. दोघींचं म्हणणं एकच, की कुणाला काही सिद्ध करता आलं नाही. आणि दोघी शाळकरी पोरींसारख्या खिदळतात. मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांच्याबरोबर हसले आणि मग स्वतःचीच भीती वाटली. या भूमिकेसाठी तिला पहिला सेझार मिळाला. सेझार म्हणजे फ्रान्सचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारच समजा. त्याची नामांकनं तिला पंधराहून जास्त मिळाली आणि बक्षिसं फक्त दोन.

२००० च्या 'मेर्सी पूर ल शोकोला'मध्ये ती स्वित्झर्लंडमधल्या चॉकलेट कंपनीची मालकीण आहे. घरात नोकरचाकर असतील तर असू देत, रात्रीचं गरम चॉकलेट घरच्यांना ती स्वतः करून देणार. "मीच करते" असं म्हणत कप हातात देणारी अशी एक तरी मावशी-काकू आपल्या प्रत्येकाच्या घरात असते, म्हणून हा सिनेमा आपल्याला जास्तच टोचतो. त्या कपात काय असतं ते सांगत नाही.

आता या वाटेने 'द पियानो टीचर'कडे या. तुम्ही पाहिलाच आहे, म्हणून मोकळेपणी लिहिते. तालमीच्या वेळी घाबरलेल्या विद्यार्थिनीला तो देखणा तरुण धीर देतो, आणि कॅमेरा प्रेक्षागृहात बसलेल्या एरिकाच्या, म्हणजे पियानो शिकवणाऱ्या यूपेरच्या, चेहऱ्यावर थांबून राहतो. परत बघा. डोळ्यांत पाणी तरळतं. मग ती उठते, बाहेर कोट टांगलेले असतात तिथे जाते, एक पेला स्कार्फात गुंडाळून पायाखाली चिरडते आणि काचा त्या मुलीच्या खिशात ओतते. सगळं इतक्या नीटनेटकेपणाने, जणू घडी घालून कपाटात ठेवतेय. हेवा, प्रेम, आईच्या धाकात गेलेलं सगळं आयुष्य त्या गुंडाळण्यात आहे. तुम्ही चेहऱ्याकडे बघत होतात म्हणून निसटलं. २००१ मध्ये कानने तिला दुसऱ्यांदा अभिनेत्रीचा पुरस्कार दिला, तिच्याबरोबरच्या बन्वा माजिमेलला अभिनेत्याचा.

आणि 'एल', २०१६, पॉल वेरहोवनचा. पडदा काळा, फक्त आवाज, मग एक मांजर थंडपणे बघताना दिसतं. घरात शिरलेला माणूस बलात्कार करून निघून जातो. ती उठते, फुटलेल्या वस्तूंचे तुकडे सुपलीत भरते, आंघोळीला बसते, फेसात वर आलेली लाली हाताने सारते, आणि नंतर फोन करून सुशी मागवते. मुलगा गालावरचा डाग विचारतो तर म्हणते, सायकलवरून पडले. दिग्दर्शकाला हा सिनेमा आधी अमेरिकेत करायचा होता, पण तिथे कुणी मोठी नटी तयार झाली नाही. यूपेरला यासाठी गोल्डन ग्लोब आणि दुसरा सेझार मिळाला. ऑस्करचं नामांकन झालं आणि बाहुली एमा स्टोन घेऊन गेली. 'ला ला लँड' मलाही आवडतो, पण ते असो.

तिचं कौतुक फक्त युरोपातच होतं असंही नाही. २०१९ मध्ये पणजीला इफ्फीचं, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचं, पन्नासावं वर्ष होतं, त्यात परदेशी कलावंताचा जीवनगौरव तिलाच दिला गेला. आणि सत्तरीतही ती कोरियाच्या हाँग सांग-सूसारख्या, चार माणसं घेऊन सिनेमा काढणाऱ्या दिग्दर्शकाकडे कामाला जाते. त्या जोडीचा 'क्लेअर्स कॅमेरा' तर कान महोत्सव चालू असतानाच तिथे उरकला होता, 'एल' घेऊन ती आलीच होती म्हणून.

तर क्रम असा ठेवा: आधी 'ला सेरेमोनी', कारण तो थरारपट म्हणूनही खेचून घेतो. मग 'द लेसमेकर', एखाद्या निवांत रविवारी. 'स्टोरी ऑफ विमेन' आणि चॉकलेटवाला त्यानंतर. 'एल' अगदी शेवटी, एकट्याने, आणि मेथी निवडणारं कुणी शेजारी नाही ना ते बघून.