खोऱ्याच्या तोंडाशी

चि. पुतणीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. दरीत पुढे ढग दाटलेले पाहून तू, सहवैमानिक, "सर, मागे फिरू या" म्हणालीस, कॅप्टनने ऐकले नाही, विमान सुखरूप उतरले आणि आता तुला स्वतःच्याच नजरेची शंका येऊ लागली आहे. विमान उतरले म्हणून आपण भित्र्या ठरलो, असा निष्कर्ष तू काढावास याचा मला, खरे सांगतो, रागच आला. त्या दिवशी ढगात वाट मिळाली. ती मिळेलच हे तुमच्या कॅप्टनलाही ठाऊक नव्हते.

२९ मे २०२२ रोजी नेपाळात पोखराहून जोमसोमला निघालेले ट्विन ऑटर हे छोटे प्रवासी विमान आठव. प्रवास जेमतेम वीस मिनिटांचा, पण एकीकडे धौलागिरी, दुसरीकडे अन्नपूर्णा आणि मधून काली गंडकीची खोल दरी. विमानातली सर्व २२ माणसे गेली. त्यांत चौघे आपल्या ठाण्याचे होते. बाहेर पाहून उडवायचे ते विमान ढगात सापडले, मार्ग सुटला, आणि डोंगर जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा बंद करून ठेवलेली होती, असे चौकशीत निघाले. अरुंद दरीत ती यंत्रणा सारखी ओरडते, त्यामुळे तिला गप्प करण्याची सवय जडते. मलाही जडली होती, आणि ते आज लिहितानाही हात अडखळतो. त्याच मार्गावर २०१६ च्या फेब्रुवारीत २३ माणसे गेली होती. तेव्हाही विमान ढगातच शिरले होते.

म्हणून पुन्हा सांगतो: फिरायचे ते खोऱ्याच्या तोंडाशी. आत शिरल्यावर फिरू, हा विचारच खोटा आहे, कारण विमानाचा हवेतला खरा वेग १५० नॉट (तासाला सुमारे २७८ किलोमीटर) आणि वळताना पंखांचा कल ३० अंशांचा असेल तर उलट दिशेला वळायला दोन किलोमीटरहून अधिक रुंदी लागते, आणि दरी जसजशी वर चढते तसतशी ती रुंदी कमी होत जाते. विरळ हवेत छोट्या विमानाची चढण्याची ताकदही तेव्हाच आटते, म्हणजे वळायला जागा नाही आणि वर निसटायला बळ नाही, अशा ठिकाणी तू निर्णय घेणार आहेस का?

मी एकदा असाच तोंडाशी फिरलो होतो. अर्ध्या तासाने दुसरे एक विमान त्याच पट्टीवर उतरले आणि आमच्या कंपनीत चार लोकांसमोर माझी कानउघाडणी झाली. तो अपमान मी वर्षभर मनात बाळगला, आणि पुढच्या पावसाळ्यात, केवळ तो धुऊन काढण्यासाठी, प्रवासी घेऊन ढगात घुसलो. ढग फाटला तेव्हा उजव्या पंखापलीकडे देवदारांचे शेंडे वेगवेगळे मोजता येत होते. प्रवाशांना काही कळले नाही. उतरताना त्यांनी माझे आभार मानले. ते आभार मी आजही विसरलेलो नाही. त्यानंतर मी किती वेळा परतलो याचा हिशेब त्या कार्यालयात अनेकांनी ठेवला, बढतीही हुकली. पण माझे तेच बरोबर होते, आणि हे मी कोणासमोरही म्हणायला तयार आहे.

तेव्हा दुसऱ्याचे विमान उतरले, हे कारण मला पुन्हा लिहू नकोस. तू चुकलीस ती बोलण्यात नव्हे, उशिरा बोलण्यात. आत शिरल्यावर बोललीस. तेव्हा ऐकूनही कॅप्टनला फारसे काही करता आले नसते. पुढच्या फेरीला इंजिने सुरू होण्याआधी, नकाशावर बोट ठेवून त्यांना विचार की कोणत्या वळणापाशी, किती अंतरापर्यंत दिसले नाही तर आपण फिरणार. ते कदाचित चिडतील. चिडू देत. त्यांनी काय उत्तर दिले ते मात्र मला त्याच दिवशी कळव.

तुझा,
काका