घरी व्हिडिओ बघून कराटे: कुठवर जमतं आणि कुठे अडतं

तुझा प्रश्न वाचला, उत्तर जरा लांबणार आहे. ज्यांनी प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ही मुलगी आजऱ्याजवळच्या गावात राहते, वय २९, नोकरीवरून घरी यायला सात वाजतात, गडहिंग्लजला क्लास आहे पण तो शाळेतल्या पोरांचा आणि सहाच्या आत सुटतो, म्हणून हिने काही महिन्यांपासून यूट्यूबवर बघून शोटोकान शैलीचं कराटे सुरू केलंय. पंच, ब्लॉक, समोरची किक येते, हियान शोदान हा पहिला काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींचा संच, पाठ झालाय, आणि विचारतेय की असंच पुढे जाऊ का, वेळ आली तर स्वतःचं रक्षण करता येईल का, आणि बेल्टचं काय करायचं.

पहिलं म्हणजे सोडू नकोस. 'सरांशिवाय काही येत नाही, उलट वाईट सवयी लागतात' असं सांगणारे तुला पदोपदी भेटतील, मी इतकी वर्षं कराटे शिकवतेय पण मला ते तसंच्या तसं पटत नाही. हियानचे पाचही काता जपानच्या ओकिनावा बेटावरचे कराटे शिक्षक अंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळेतल्या मुलांसाठी बसवलेले आहेत, मैदानात ओळी करून प्रत्येकाने आपापल्या जागी करायचे, जोडीदार लागत नाही. म्हणजे एकटीने काता घोटणं यात काहीच आडमार्गाचं नाही, आमच्या डोजोत, म्हणजे कराटेच्या क्लासमध्ये, सुद्धा मुलं घरी जाऊन तेच करतात आणि जी करतात तीच पुढे जातात. फक्त त्या ओळींमधून शिकवणारा माणूस फिरत असतो, कोणाचा गुडघा आत वळलाय, कोणाचा खांदा कानाला लागलाय ते बघतो आणि हाताने सरळ करतो. तुझं अडतंय ते तिथे. व्हिडिओ कितीही चांगला असू दे, जपानमधल्या मोठ्यातल्या मोठ्या सेन्सेईचा असू दे, त्याला तू काय करतेयस ते कळायला मार्ग नाही.

याचं एक उदाहरण देते. माझ्याकडे एक मुलगा आला होता, इंजिनिअरिंगचा, वर्षभर घरीच शिकलेला. अभ्यास इतका की काताची नावं आणि क्रम माझ्या जुन्या मुलांपेक्षा त्याला जास्त पाठ. त्याला म्हटलं ग्याकु-झुकी दाखव, म्हणजे मागच्या हाताचा पंच. समोरून बघितलं तर छान, मूठ बरोबर मध्यावर, वेग पण होता. मग मी बाजूला जाऊन उभी राहिले तेव्हा दिसलं की मागची टाच उचलली जातेय, कंबर फिरतच नाहीये, सगळा पंच खांद्यातून येतोय आणि ती कमी पडलेली कंबर भरून काढायला छाती पुढे झुकतेय. दुसरा हात, जो कमरेला घट्ट ओढून घ्यायचा असतो, ज्याला हिकिते म्हणतात, तो बरगडीपासून लांब नुसता लटकलेला. मी त्याच्या कमरेच्या हाडावर तळवा ठेवला आणि सांगितलं हाताचा विचार सोड, फक्त माझा तळवा पुढे ढकल, टाच जमिनीला. चार-पाच वेळात त्याला जाणवलं, चेहऱ्यावर दिसतं ते लगेच. कंबर त्या संध्याकाळीच आली पण तो वर उचललेला खांदा मात्र जायला कित्येक महिने लागले, कारण वर्षभर रोज त्याने तोच खांदा घोटला होता. त्याची मेहनत खरी होती, त्याला बाजूने बघणारं कोणी नव्हतं एवढंच, आणि म्हणून मला वाईट वाटलं.

तेव्हा तुझं पहिलं काम म्हणजे स्वतःला बाजूने बघायची सोय करणं. आरसा पुरत नाही, कारण आरशात बघायला मान वळवलीस की पोझिशन बदलते. मोबाईल स्टूलवर किंवा खिडकीत कमरेच्या उंचीला ठेव, आधी बाजूने काढ, मग समोरून, मग मागून. मागचा कॅमेरा वापर, सेल्फी कॅमेऱ्यात डावं-उजवं उलटं होऊन बसतं आणि मग गोंधळ. शिकायचा व्हिडिओ निवडताना पण शिकवणारा पाठमोरा आहे असा निवड, समोर तोंड करून उभा असेल तर निम्मे लोक नकळत काता उलटा शिकतात आणि पुढे कोणी सांगितल्यावर सगळं परत बसवावं लागतं, फार त्रास होतो त्याचा. आणि कराटेची एकच शैली धर. शोटोकानचा स्टान्स, म्हणजे पाय रोवून उभं राहायची पद्धत, लांब आणि खोल, गोजू-रयूचा आखूड, क्योकुशिनचे लोक आणखी वेगळं करतात, तिन्ही बरोबर आहेत पण तिन्ही मिसळलेस तर एकही धड होणार नाही. शॉर्ट्स आणि रील बघून शिकायचं तर पूर्ण बंद कर, त्यात शेवटची उडी दिसते, आधीचं पाऊल कापलेलं असतं.

स्टान्सबद्दल एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे कारण घरी शिकलेल्यात ही दहात नऊ जणांना असतेच. झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून उभं राहतो त्यात, दोन पावलांमध्ये लांबी असते तशी रुंदी पण असते, साधारण खांद्याएवढी. बहुतेक व्हिडिओ बाजूने काढलेले असतात, त्यात लांबी छान दिसते पण रुंदी दिसतच नाही, मग लोक दोन्ही पाय एका रेषेत ठेवतात आणि वळताना तोल जातो. त्यांना वाटतं वळण कठीण आहे, कठीण काही नाही, पाय अरुंद पडलेत.

आता घरच्या घरी करायची एक परीक्षा. हियान शोदानमध्ये २१ हालचाली आहेत आणि त्याचा जमिनीवरचा मार्ग, एम्बुसेन म्हणतात त्याला, असा आखलेला आहे की शेवटी तू जिथून निघालीस तिथेच परत यायला हवीस. गच्चीवर खडूने दोन पावलांची जागा आख आणि काता कर, खाली बघू नकोस. संपल्यावर बघ कुठे आलीस. पुढे निघाली असशील किंवा मागे राहिली असशील तर जाताना तीन आगे-उके (वरचा ब्लॉक) आणि येताना तीन ओई-झुकी (पाऊल टाकून मारलेला पंच) यातली पावलं सारखी पडत नाहीयेत. डावी-उजवीकडे सरकली असशील तर वळणात गडबड आहे, बहुतेक वेळा त्या २७० अंशाच्या वळणात, तिसऱ्या आगे-उके नंतर येतं ते. हे तुला कोणी सांगायची गरज नाही, खडूची खूण सांगेल. आठवड्यातून एकदा तरी करून बघ.

दुखापतींबद्दल मात्र नीट वाच. हवेत पंच आणि किक मारताना कोपर आणि गुडघा पूर्ण ताणून झटका द्यायचा नाही, शेवटी किंचित वाक ठेवायचा. समोर अडवणारं काही नसतं त्यामुळे सगळा झटका सांध्यावर येतो, मोठ्या माणसांची कोपरं याच कारणाने दुखतात. मावाशी-गेरी, म्हणजे गोल किक, शिकायला लागशील तेव्हा उभा पाय फिरलाच पाहिजे, टाच लक्ष्याकडे वळते इतका. गच्चीची फरशी खरखरीत असेल किंवा पायात रबरी सोलचे बूट असतील तर पाऊल जागेवर धरून राहतं, वरचं अंग फिरतं आणि मधे गुडघा पिळला जातो. गुडघ्याचा लिगामेंट असाच जातो. म्हणून ती किक आतल्या गुळगुळीत फरशीवर, अनवाणी, भिंतीला हात लावून, सावकाश. उंच नको, आधी मांडीच्या उंचीला नीट येऊ दे.

पंच मारायला बॅग लावायचा विचार असेल तर वाळूची नको. वाळू खाली बसते आणि खालचा भाग दगडासारखा होतो. जुने कपडे, चिंध्या दाबून भर. हाताला पट्टी बांध, मनगट सरळ, आणि पंच पहिल्या दोन गाठींनी बसला पाहिजे, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या. करंगळीच्या बाजूने बसला तर त्या बाजूचं तळहाताचं हाड मोडतं, त्याला बॉक्सरचं फ्रॅक्चर म्हणतात पण खरं म्हणजे नवशिक्यांनाच जास्त होतं. पहिले काही महिने अर्ध्या जोराने मार.

व्हिडिओ बघून अजिबात करू नयेत अशा गोष्टी म्हणजे उचलून फेकणं, सांधे पिळणं आणि गळा आवळणं. भावासोबत गंमत म्हणून पण नको. मानेच्या दोन्ही बाजूच्या धमन्या दाबल्या गेल्या की माणूस काही सेकंदात बेशुद्ध पडतो, मॅटवर शिकलेल्या लोकांना सोडायचं कधी ते कळतं, समोरच्याने टॅप केलं, म्हणजे 'सोड' म्हणून हाताने थोपटलं, की त्याच क्षणी हात सुटतो इतकी ती सवय अंगात असते. घरात ती सवय कोणालाच नसते. पडायला मात्र शीक, ज्युदोत त्याला उकेमी म्हणतात, ते बसून आणि उकिडवं बसून करायला हरकत नाही. चटईवर गोधडी घाल, हनुवटी छातीला लाव, नजर पोटाकडे, पाठ गोल करून मागे लोळ आणि दोन्ही तळवे अंगापासून थोडे लांब जमिनीवर आपट. हात मागे टेकवायचा नाही, मनगट तिथेच मोडतं. उभं राहून पडणं कोणीतरी जाणकार शेजारी असल्याशिवाय नको. कराटेतलं तुला आयुष्यात कधी वापरावं लागेल की नाही देव जाणे, पण पावसाळ्यात ओल्या पायरीवर हे पडणं उपयोगी येतं.

आता रक्षणाचा प्रश्न. इथे मी तुला खोटी आशा देणार नाही. एकटीने केलेल्या सरावातून ताकद येते, तोल येतो, आवाज मोकळा होतो, आणि या तिन्हीचा फायदा खरा आहे. पण समोर माणूस आला की दोन गोष्टी लागतात, अंतर आणि वेळ, आणि त्या हवेत शिकता येत नाहीत. तुझा पंच कुठवर पोचतो, त्याचा हात कुठवर पोचतो, तो हलायला लागलाय हे तुला किती आधी कळतं, हे फक्त दुसऱ्या माणसासमोर उभं राहून येतं. चाकू हिसकावून घ्यायचे व्हिडिओ बघत असशील तर कृपा करून बंद कर. त्यात हल्ला करणारा एकदा हात पुढे करतो आणि तसाच धरून उभा राहतो, शिकवणारा आरामात मनगट पिळतो. खरा माणूस हात मागे घेतो आणि परत मारतो, पुन्हा पुन्हा. चाकू दिसला तर पळायचं, ओरडायचं, पर्स द्यायची, ११२ ला फोन करायचा.

पण अंतर शिकायला लगेच क्लासच हवा असंही नाही. घरात बहीण, वहिनी, मैत्रीण कोणी तयार असेल तर समोरासमोर उभं राहा आणि उघड्या तळव्याने एकमेकीच्या खांद्याला किंवा गुडघ्याला शिवायचा प्रयत्न करा, स्वतःचे वाचवायचे, मारायचं नाही. आमच्याकडे नव्या मुलांना कुमितेच्या, म्हणजे जोडीदारासोबतच्या लढतीच्या, आधी हेच देते मी. सुरुवातीला दोघी हसत सुटाल, मग हळूहळू लक्षात येईल की समोरच्या बाईचा खांदा हलायच्या आधी तिचं वजन पुढच्या पायावर येतं. ते दिसायला लागलं की तू कराटे शिकायला लागलीस असं मी म्हणेन.

राहिला शिकवणाऱ्याचा प्रश्न. रोज जमत नाही म्हणून अजिबात नाही असं करू नकोस. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही सगळ्यांनी झूमवर वर्ग घेतले, तेव्हा मला स्वच्छ दिसलं की ज्यांचा पाया आधी पक्का होता त्यांचं काही बिघडलं नाही, आणि अगदी नव्या मुलांचंही बरं चाललं, कारण मी त्यांना बघत होते, 'टाच, टाच' म्हणून ओरडत होते. तोच धडा रेकॉर्ड करून ज्यांना पाठवला त्यांच्या चुका तशाच राहिल्या. म्हणून लाईव्ह ऑनलाईन शिकवणारं कोणी मिळालं तर रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओपेक्षा ते कधीही बरं. गडहिंग्लजच्या त्या सरांना एकदा जाऊन भेट, पोरांचा वर्ग असला म्हणून काय झालं, महिन्यातून एका रविवारी अर्धा तास बघाल का म्हणून विचार, फी विचार, बहुतेक शिकवणारे खूश होतात कोणी एवढं स्वतःहून करतंय बघून. आणि कराटेच हवं असा हट्ट नसेल तर तुझ्याच जिल्ह्यात कुस्तीच्या तालमी आहेत, मुलीही खेळतात आता, मर्दानी खेळाचे आखाडे आहेत जिथे लाठी शिकवतात. जवळ चांगला वस्ताद असेल तर लांबच्या कराटेपेक्षा मी तो निवडेन.

अर्थात क्लास आहे म्हणजे चांगलाच असं पण नाही. जाऊन एक तास नुसती बस आणि बघ. शिकवणारा एकेकाला हात लावून, नाव घेऊन सुधारतो का, जोड्या लावतो का, की नुसते आकडे मोजतो आणि दर तीन महिन्यांनी परीक्षेची फी गोळा करतो. दुसऱ्या प्रकारचा असेल तर घरीच बरी आहेस.

बेल्टचं डोक्यातून काढून टाक सध्या. डान, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या, ही पद्धत मुळात ज्युदो सुरू करणाऱ्या कानो यांनी १८८३ मध्ये सुरू केली, शोटोकानचे जनक फुनाकोशी यांनी कराटेत ती १९२४ मध्ये आणली, म्हणजे त्याच्या आधी लोक बेल्टशिवायच शिकत होते. व्हिडिओ पाठवून, पैसे भरून घरपोच ब्लॅक बेल्ट देणारे आहेत, त्यांच्या नादी लागू नकोस, तो बेल्ट बांधून कुठल्याही डोजोत गेलीस तर पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांना कळेल आणि वाईट तुलाच वाटेल.

'हियान निदान' हा दुसरा काता इतक्यात सुरू करू नकोस. अजून काही आठवडे शोदानवरच राहा, खडूची परीक्षा कर, आणि ग्याकु-झुकीचा एक व्हिडिओ बाजूने काढून मला पाठव, दोन्ही हातांचे पाच-पाच पंच, सावकाश, पायघोळ पँट नको म्हणजे टाच दिसेल. ओढणीने कमरेला घट्ट गाठ बांध, कंबर फिरतेय की नाही ते गाठीवरून लगेच कळतं.